दैनंदिन संवादावरचे चर्चासत्र आणि वेळेअभावी राहिलेली प्रश्नोत्तरे

अनुस्वार
गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने ‘दैनंदिन जीवनातील संवादाचे महत्त्व’ या विषयावर एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र भरवले होते. मी अध्यापन क्षेत्रातला नाही. एका पतसंस्थेत कर्जवसुलीचे काम पाहतो आणि दिवसाचा बहुतेक वेळ लोकांशी बोलण्यातच जातो, म्हणून रीतसर शुल्क भरून श्रोता म्हणून गेलो.

सकाळचे सत्र दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक आणि बीजभाषण यांत संपले. दुपारी तीन वर्गांत एकाच वेळी शोधनिबंधांचे वाचन झाले. प्रत्येकाला सहा मिनिटे मिळत होती आणि पाचव्या मिनिटाला घंटा वाजत होती. कुटुंबातील संवाद, कार्यालयीन संवाद, समाजमाध्यमांवरील संवाद असे विषय होते आणि त्यांतील काही निबंध खरोखर मेहनतीने लिहिलेले होते. मात्र प्रत्येक सत्राच्या अखेरीस सत्राध्यक्षांनी ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत, श्रोत्यांनी चहापानाच्या वेळी वक्त्यांना भेटावे’ असे जाहीर केले, आणि चहापानाच्या वेळी वक्ते प्रमाणपत्रांच्या रांगेत उभे होते.

मला एकच प्रश्न विचारायचा होता, तो येथे विचारतो. समोरचा माणूस ‘हो’ म्हणतो तेव्हा त्याला कळले म्हणून म्हणतो, पटले म्हणून म्हणतो, की विषय एकदाचा संपावा म्हणून म्हणतो, हे ओळखायचे कसे? आणि ओघाने दुसरा प्रश्न असा की, रोजच्या बोलण्यासारखा विषय विद्यापीठीय चर्चासत्रात हाताळता येतो का, की तेथे त्याचा केवळ सोपस्कार होतो?

शून्यप्रहर
बीजभाषणात ७, ३८ आणि ५५ टक्क्यांचा तक्ता दाखवला होता का, एवढेच कृपया सांगावे. घरात पैज लागली आहे.

अनुस्वार
दाखवला होता, रंगीत वर्तुळात. शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असे सांगितले गेले. दुपारच्या दोन निबंधांतही तोच तक्ता पुन्हा आला.

मूकवाचक
तसे असेल तर मला तमिळ येत नसतानाही दूरदर्शनवरील तमिळ बातम्या ९३ टक्के समजायला हव्या होत्या. मी त्या आजच पाहिल्या. पाऊस पडला असावा किंवा निवडणूक असावी.

टिपणवही
मूकवाचक यांनी थट्टेत म्हटले आहे, पण त्या तक्त्यावरचा खरा आक्षेप जवळजवळ तोच आहे. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधील दोन प्रयोगांतून आले. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले गेले, एका प्रयोगात तर ‘कदाचित’ या अर्थाचा एकच शब्द निरनिराळ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांसोबत ऐकवला गेला, आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नावडते एवढेच ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगितले होते. शब्द, सूर आणि चेहरा यांचा एकमेकांशी मेळ नसेल तर माणूस कशावर भरवसा ठेवतो, इतकाच त्याचा आवाका आहे. भावना किंवा आवडनिवड यांपलीकडच्या बोलण्याला हे सूत्र लागू पडत नाही, असे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केले आहे. तरीही व्यक्तिमत्त्व विकासाच्या प्रत्येक वर्गात तो तक्ता लावला जातो, कारण टक्केवारी दिसली की श्रोते वहीत उतरवून घेतात.

अनुस्वार, आणखी एक विचारतो. प्रेषक, संदेश, माध्यम आणि ग्राहक अशा चौकटी व बाणांची आकृतीही होतीच ना? ती क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाच्या १९४८ च्या निबंधातून आली. शॅनन बेल प्रयोगशाळेत तारायंत्र आणि दूरध्वनीच्या तारांतून किती संदेश नीट पाठवता येतो याचे गणित मांडत होते. संदेशाच्या अर्थाचा आपल्या अभियांत्रिकी प्रश्नाशी संबंध नाही, असे त्यांनी त्या निबंधाच्या आरंभीच स्पष्ट लिहिले आहे. अर्थ मुद्दाम बाजूला ठेवणारी आकृती घेऊन सासू-सुनेच्या बोलण्याचा अर्थ लावायला बसणे मला चमत्कारिक वाटते.

समन्वयक
मी एका ग्रामीण महाविद्यालयात गुणवत्ता हमी कक्षाचे काम पाहतो आणि अशी चर्चासत्रे भरवणाऱ्यांपैकीच आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

चर्चासत्राला शंभर जण आले आणि त्यांतील साठ जणांना निबंध वाचायचा असला तर एका दिवसात प्रत्येकाला सहा मिनिटेच मिळणार. त्यांना नकार का देत नाही, असे विचाराल, तर त्याचे उत्तर असे की, निबंधवाचन हा पदोन्नतीच्या मूल्यमापनाचा भाग आहे, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या अहवालात चर्चासत्रांची नोंद द्यावी लागते आणि भोजन, छपाई व पाहुण्यांचा प्रवास हा खर्च बहुतांशी नोंदणी शुल्कातूनच भागतो. ज्याला निबंध वाचू दिला नाही, तो शुल्क भरणार नाही.

दुसरे असे की, आमच्याकडे पदव्युत्तर वर्गातील जी मुलगी गावाबाहेरच्या अनोळखी माणसांसमोर प्रथमच उभी राहून सहा मिनिटे बोलते, तिच्या दृष्टीने ती सहा मिनिटे म्हणजे सोपस्कार नसतो. तिच्या घरात आजवर कोणी व्यासपीठावर चढलेले नसते. विद्वानांना तो निबंध पोरकट वाटेल, पण चर्चासत्र केवळ विद्वानांसाठी नसते.

शून्यप्रहर
समन्वयक साहेब, त्या मुलीबद्दलचा मुद्दा पूर्ण मान्य आहे, पण तो तुमच्याच विरोधात जातो. इतक्या तयारीने उभ्या राहिलेल्या मुलीला कोणी एकही प्रश्न विचारला नाही, तर आपले बोलणे कोणाच्या कानी पडले की नाही, हे तिला कसे कळणार? टाळ्या तर घंटेनंतर सगळ्यांनाच मिळतात.

लाइनक्लिअर
धागा पहिल्यापासून वाचला. मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, आता निवृत्त आहे. अनुस्वार यांच्या पहिल्या प्रश्नाला आमच्या खात्यापुरते एक उत्तर आहे.

स्टेशनपासून दूर असलेले, सिग्नलशी न जोडलेले फाटक डोळ्यांसमोर आणा. गाडी सोडण्यापूर्वी स्टेशन मास्तर गेटमनला फोन करून अमुक गाडी येत आहे, फाटक बंद कर, असे सांगतो. गेटमन ‘हो साहेब’ म्हणाला तर ते आमच्या लेखी उत्तर धरले जात नाही. त्याच्यापाशी खासगी अंकांचा छापील तक्ता असतो, ज्याला आम्ही सगळे प्रायव्हेट नंबर म्हणतो. फाटक प्रत्यक्ष बंद करून कुलूप लावल्यावर त्याने तक्त्यातला पुढचा अंक मला सांगायचा आणि आपल्याकडे खोडायचा. मी तो अंक गाडी क्रमांक आणि वेळ यांसह नोंदवहीत लिहायचा. अंक ओळीने येत नाहीत, त्यामुळे पुढचा अंक कोणता असेल याचा अंदाज मला करता येत नाही, आणि झोपेत हुंकार भरणाऱ्यालाही तो सांगता येत नाही. लगतच्या दोन स्टेशनांत गाडीसाठी मार्ग मोकळा असल्याची देवाणघेवाण होते, तेथेही हीच पद्धत आहे.

यात कोणी कोणावर अविश्वास दाखवत नाही. माझा गेटमन माझ्यापेक्षा वयाने मोठा होता आणि मी त्याला काका म्हणत असे. काका असले, तरी अंक मिळाल्याशिवाय गाडी सोडता येत नसे. ‘हो’ म्हणणे फार स्वस्त असते, म्हणून ऐकणाऱ्याला काहीतरी करून दाखवावे लागेल अशी योजना कोणीतरी फार पूर्वी विचारपूर्वक केली आहे.

मूकवाचक
आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटात ही पद्धत तातडीने लागू करावी, अशी मी गटप्रमुख मावशींना विनंती करणार आहे. सध्या लग्नाच्या तारखेवर सगळे अंगठा दाखवतात आणि मुहूर्ताच्या दिवशी ‘मंगल कार्यालय कुठले?’ असे विचारतात.

शून्यप्रहर
निळ्या खुणांचेही तसेच आहे. २०१४ मध्ये त्या आल्या तेव्हा आता ‘निरोप मिळालाच नाही’ ही सबब बंद होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात निरोप पडद्यावर उघडला गेला एवढेच त्या खुणा सांगतात, कळला की नाही ते नव्हे. लाइनक्लिअर यांच्या पद्धतीत अंक देण्याआधी कुलूप लावावे लागते, हा फरक मोठा आहे.

भूलतज्ज्ञ
लाइनक्लिअर काकांच्या प्रतिसादामुळे लिहावेसे वाटले. शस्त्रक्रियागृहात आमचीही अशीच एक पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी सूची आणली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी अशा तीन टप्प्यांवर थांबून ती मोठ्याने वाचायची असते. छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हा त्यातला एक मुद्दा आहे. वरिष्ठांना तो सुरुवातीला पोरखेळ वाटतो. पण ज्या परिचारिकेने एकदा आपले नाव मोठ्याने सांगितलेले असते, ती पुढे ‘सर, बाजू डावी आहे’ असे म्हणायला कचरत नाही, हे मी रोज पाहते.

नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत या सूचीची चाचणी झाली आणि जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. दैनंदिन संवादाचे महत्त्व मोजता येते का, असे कोणी विचारले तर मी हे उदाहरण देते. आपल्याकडे २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादाचे शिक्षण रीतसर समाविष्ट झाले आहे, हेही नमूद करते.

टिपणवही
डॉक्टर, उदाहरण उत्तम आहे, पण त्याची पुढची गोष्टही सांगायला हवी. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ही सूची सरकारी आग्रहाने लागू झाल्यावर तेथील १०१ रुग्णालयांचा अभ्यास झाला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूंचे प्रमाण ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्क्यांवर गेले, पण हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या दखल घेण्याजोगा ठरला नाही. बहुतेक रुग्णालयांनी सूची वापरत असल्याचे कळवले होते. वापर म्हणजे नेमके काय, यावर नंतर बराच वाद झाला.

भूलतज्ज्ञ
तो अभ्यास मला ठाऊक आहे आणि मी तो सूचीच्या विरोधातला मानत नाही. शस्त्रक्रिया संपल्यावर कोपऱ्यात बसून १९ चौकटींत खुणा केलेला कागद मी पाहिला आहे. कागदावर सूची पूर्ण असते, खोलीत मात्र कोणी कोणाशी बोललेले नसते. मला अनुस्वार यांच्या चर्चासत्राचे वर्णन वाचताना तोच कागद आठवला.

समन्वयक
हा टोला लागला. पण लाइनक्लिअर यांच्या फाटकात आणि आमच्या सभागृहात एक फरक आहे. तेथे चूक झाली तर अपघात होतो, येथे कोणाचेही काही बिघडत नाही. म्हणून तर चालून जाते.

काळी_माती
बिघडते हो साहेब, फक्त ते सभागृहाबाहेर बिघडते. मी मराठवाड्यात सोयाबीन आणि तूर करतो.

हवामान खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’ असे येते. तुरळक म्हणजे त्या विभागातील जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर, आणि बहुतांश ठिकाणी म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक केंद्रांवर, असे खात्याचे ठरलेले माप आहे. मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, हेही ठरलेले आहे. सांगणाऱ्याने चोख मोजून सांगितलेले असते. आमच्या पारावर मात्र त्याचा अर्थ ‘मुसळधार येणार’ एवढाच पोचतो. त्यावर दरवर्षी कोणीतरी घाईने पेरतो, आणि पाऊस तुरळकांमध्ये आपले गाव धरत नाही. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणून सांगतो, पण गावात पर्जन्यमापक कुठे आहे आणि त्याची आजची नोंद किती, हे विचारायला माणूस सापडत नाही.

म्हणून मला २००४ पासून सुरू असलेली किसान कॉल सेंटरची सोय अधिक उपयोगी वाटते. तेथले उत्तर दरवेळी अचूक असते असे नाही, पण ‘म्हणजे काय?’ असे उलट विचारता येते. पत्रकाला ते विचारता येत नाही.

मूकवाचक
आमच्याकडे ‘काय म्हणतोय पाऊस?’ असे रोज विचारणारे एक काका आहेत. त्यांना पर्जन्यमापकाची नोंद सांगितली तर ते दुसऱ्या दिवसापासून बोलणे बंद करतील.

टिपणवही
मूकवाचक, तुमच्या काकांवर मानवशास्त्रात एक प्रसिद्ध विवेचन आहे. ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर पहिल्या महायुद्धाच्या काळात दीर्घ वास्तव्य केले. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी असे मांडले की, ‘कुठे निघालात?’, ‘हवा बरी आहे’ यांसारख्या बोलण्याचा हेतू माहिती देणे हा नसतो. दोन माणसे एकमेकांच्या सोबतीत आहेत आणि त्यांच्यात वैर नाही, एवढे त्यातून प्रस्थापित होते. ‘जेवलात का?’ या प्रश्नाला आपण ताटातील पदार्थांची यादी देत नाही, ते यामुळेच. रोजच्या संवादाचा फार मोठा भाग या प्रकारचा असतो आणि चर्चासत्रांत त्याच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही, कारण त्यातून कौशल्य शिकवता येत नाही.

हस्तमुद्रा
माझा मुलगा जन्मतः कर्णबधिर आहे आणि आता महाविद्यालयात शिकतो. संवादावरच्या अशाच एका कार्यक्रमाला आम्ही दोघे गेलो होतो. सांकेतिक भाषेचा दुभाषी नव्हता आणि पडद्यावर केवळ शीर्षके होती, त्यामुळे तो दिवसभर माझ्याकडे पाहत बसला. मध्यंतरात आयोजकांनी त्याच्याशी फार प्रेमाने, ओठ मोठे करून आणि अगदी सावकाश बोलण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे ओठ वाचणे उलट अवघड होते, हे त्यांना सांगण्याचे काम शेवटी माझ्याकडेच आले.

भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ मध्ये स्वतंत्र केंद्र स्थापन झाले, त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० संज्ञा झाल्या आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही सांकेतिक भाषेची दखल घेतली आहे. विषय संवाद असताना सभागृहातील कोणाशी संवाद होणारच नाही, याचा विचार आयोजकांनी निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी करायला हवा. टिपणवही यांनी ‘सोबतीत असणे’ असे लिहिले, ते फार बरोबर वाटले. माझ्या मुलाला बीजभाषण हुकल्याचे दुःख नव्हते. सगळे एकदम हसले तेव्हा कशावर हसले, हे त्याला कळले नाही, याचे होते.

अनुस्वार
सर्वांचे प्रतिसाद वाचून माझा मूळचा प्रश्न आता अधिक नेमका करता येतो. कर्जदार म्हणतो, ‘बघतो साहेब, पुढच्या आठवड्यात भरतो.’ लाइनक्लिअर यांच्या पद्धतीने पाहिले तर मी त्याच्याकडून कोणता अंक मागावा?

लाइनक्लिअर
तारीख आणि रक्कम तुम्ही सांगू नका, त्यांना सांगू द्या. पैसा कोठून येणार, तेही त्यांनीच सांगावे. जे उत्तर तुमच्या प्रश्नातच दडलेले असते, ते उत्तर म्हणून धरू नये.

काळी_माती
मी कर्जदाराच्या बाजूने लिहितो, कारण मी त्या खुर्चीत बसलेलो आहे. ‘बघतो’ म्हणणाऱ्याला सगळे कळलेले असते, अनुस्वार. व्याजाचा दर त्याला तुमच्यापेक्षा चांगला पाठ असतो. सोयाबीनचा पैसा हातात आलेला नसतो आणि ‘नाही’ म्हटले तर तुमचाही अपमान होतो व त्याचाही, म्हणून तो ‘बघतो’ म्हणतो. त्याला अंक मागून तुम्हाला फार तर एक खोटी तारीख मिळेल. आजकाल कुठलेही आंदोलन झाले की ‘संवाद कमी पडला’ असे निवेदन निघते. भाव कमी पडला असे कोणी म्हणत नाही. जेथे पैशाचा प्रश्न आहे, तेथे संवादकौशल्याचे वर्ग घेऊन काय होणार?

टिपणवही
या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आक्षेप हा आहे आणि माझ्या पाहण्यातल्या एकाही चर्चासत्रात त्यावर निबंध आलेला नाही.

अनुस्वार
काळी_माती, हे मला तोंडावर कोणी सांगत नाही. तरीही पीक विकले जाणार कधी, हे मला कळले तर हप्त्याची तारीख त्याला जोडून मागण्याचा प्रस्ताव मी संचालक मंडळापुढे ठेवू शकतो. तुम्ही कर्ज घेतले तेव्हा असे कोणी विचारले होते का?

काळी_माती
नाही. अर्जात तसा रकानाच नव्हता.

समन्वयक
आमच्या महाविद्यालयाचे चर्चासत्र फेब्रुवारीत आहे आणि विषय अजून बदलता येतो. मी पुढील प्रस्ताव प्राचार्यांपुढे ठेवणार आहे. निबंध सर्वांचे स्वीकारायचे, पण बहुतेकांनी ते भित्तिपत्रकांच्या रूपात मांडायचे आणि दोन तास प्रत्येकाने आपल्या पत्रकापाशी उभे राहून येणाऱ्यांशी बोलायचे. व्यासपीठावर मोजकेच निबंध घ्यायचे, आणि प्रश्न विचारणाऱ्याने वक्त्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत सांगून मगच प्रश्न विचारायचा. प्रमाणपत्रे सकाळी नोंदणीच्या वेळीच देऊन टाकायची, म्हणजे चहाच्या वेळी रांग लागणार नाही. लाइनक्लिअर काका, आपण आणि काळी_माती यांनी बोलायला यावे, अशी विनंती आहे.

शून्यप्रहर
प्रमाणपत्रे सकाळीच दिलीत तर दुपारी सभागृहात कोण उरते, ते मोजून अवश्य कळवा.

लाइनक्लिअर
जरूर येईन. उद्घाटन वेळेवर सुरू होणार असेल तर सकाळच्या पॅसेंजरने येतो, नसेल तर दुपारच्या गाडीने.

हस्तमुद्रा
समन्वयक सर, दुभाष्याची सोय होणार असेल तर आम्ही दोघेही येऊ. भित्तिपत्रकांची कल्पना माझ्या मुलाला सोयीची आहे, कारण त्याला लिहून विचारता येईल.

समन्वयक
ताई, दुभाष्याचे मानधन अंदाजपत्रकात घालतो. एक दुभाषी पुरेल ना?

हस्तमुद्रा
दिवसभराच्या कार्यक्रमाला दोन लागतात. सलग अर्थ लावत राहिल्याने मेंदूवर फार ताण येतो, म्हणून साधारण वीस ते तीस मिनिटांनी ते आळीपाळीने काम करतात. दोघांनाही निबंधांचे सारांश आठवडाभर आधी पाठवावे लागतील, आणि व्यासपीठाच्या ज्या बाजूला ते उभे राहतील तेथला दिवा चालू ठेवावा लागेल. पडद्यासाठी सभागृहात अंधार करतात, तेव्हा हे हमखास राहून जाते.